घामात टिकणारा रोजचा मेकअप: सनस्क्रीनपासून टिकलीपर्यंत

घरातून निघताना नीट दिसणारा चेहरा ऑफिसात पोचेपर्यंत राखाडी, तेलकट आणि डोळ्यांखाली काळा झाला, की दोष सहसा फाउंडेशनच्या ब्रँडवर जातो. पण बिघडण्याची कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात: थर गरजेपेक्षा जाड, दोन थरांमध्ये सोडलेला वेळ कमी, नाहीतर शेड चुकलेली. पहिल्या दोन गोष्टी सुधारायला पैसे लागत नाहीत, आणि तिसरी सुधारायला दुकानात अर्धा तास जास्त थांबावं लागतं.

थर वाळायला लागणारा वेळ सोडला, तर ही रीत रोजच्या १५ ते २० मिनिटांची आहे, लग्नसमारंभाची नाही. सामान मोजकं लागतं: सनस्क्रीन, फाउंडेशन किंवा त्याहून हलकं बीबी क्रीम, काळेपणा मारणारा पीच किंवा नारिंगी करेक्टर, डाग झाकणारा कन्सीलर, लूज (सुटी) पावडर, काजळ, एक-दोन लिपस्टिक, एक स्पंज, एक मऊ ब्रश. प्रायमर, हायलायटर, सेटिंग स्प्रे यांच्यावाचून रोजचं काम अडत नाही.

आधी चेहरा थंड होऊ द्या

गरम पाण्याने अंघोळ करून लगेच आरशासमोर बसणं ही मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत पहिली चूक ठरते. त्वचा तापलेली असते, घाम सुटत असतो आणि त्यावर लावलेलं काहीही सरकतं. चेहरा शेवटी साध्या गार पाण्याने धुवा, टिपून घ्या आणि पंख्याखाली दहा मिनिटं जाऊ द्या. मेकअप करतानाही पंखा चालू ठेवा. फक्त लूज पावडर उघडताना तो क्षणभर बंद करा.

मॉइश्चरायझर हरभऱ्याच्या दाण्याएवढं पुरतं. तेलकट त्वचेला जेल चालतं. पावसाळ्यात सनस्क्रीनच क्रीमसारखं जाड असेल, तर तेलकट त्वचेच्या व्यक्तींनी वेगळं मॉइश्चरायझर गाळलं तरी बिघडत नाही. नागपूर, अकोला, जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र उलट करा: क्रीम किंचित ओलसर चेहऱ्यावर लावा, नाहीतर दुपारी नाकाच्या कडेला आणि ओठांभोवती फाउंडेशनचे पापुद्रे दिसतात. थंडीतही हेच.

सनस्क्रीन: मेकअप इथेच ठरतो

सनस्क्रीनच्या डबीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारा आकडा, त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन मोजलेला असतो. तेवढा थर दिला, तर एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी अतिनील किरणं अडवतं. प्रत्यक्षात आपण त्याच्या निम्मंही लावत नाही. सोपं माप असं: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनची एकेक रेघ काढा. एवढं चेहरा आणि मान मिळून लागतं. फाउंडेशनवर लिहिलेला एसपीएफ वेगळा मोजू नये, कारण एवढ्या मापाने फाउंडेशन कुणीही लावत नाही.

दोन बोटांचं सनस्क्रीन एकदम चोळलं की चेहरा पांढरट आणि चिकट होतो, म्हणून बहुतेक जण माप कमी करतात. त्यापेक्षा ते दोन हप्त्यांत लावा. आधी एका बोटाचं पसरा, दोन मिनिटं थांबा, मग दुसऱ्या बोटाचं. कान, कानामागची जागा आणि मानेची मागची बाजू विसरू नका. त्यानंतर आठ-दहा मिनिटं चेहऱ्याला हात लावायचा नाही. डबा भरा, केस विंचरा, साडीच्या निऱ्या काढा.

ही दहा मिनिटं वाचवायला गेलं, की फाउंडेशन लावताना खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळ्या सुटतात. खालचा थर वाळलेला नसतो आणि वरून चोळलं जातं, हे पहिलं कारण. दुसरं कारण दोन थरांचं न जमणं: सनस्क्रीन सिलिकॉनचं आणि वरचं फाउंडेशन पाण्याचं असेल, तर ते घसरतं. वळ्या आल्यावर आणखी चोळू नका. ओल्या टिश्यूने तेवढीच जागा पुसा, तिथे पुन्हा थोडं सनस्क्रीन थापटून लावा, वाळू द्या आणि फाउंडेशन बोटाने न पसरता स्पंजने दाबत लावा. रोजच वळ्या येत असतील, तर दोहोंपैकी एक वस्तू बदलणं हाच उपाय.

सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर पांढरी झाक येते ती झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या कणांमुळे. तिच्यावर फाउंडेशन आलं की सगळा चेहरा राखाडी दिसतो आणि दोष फाउंडेशनला मिळतो. अशा वेळी रासायनिक फिल्टरचं पारदर्शक सनस्क्रीन घ्या किंवा रंग मिसळलेलं, म्हणजे टिंटेड. ज्यांना वांग आहेत त्यांनी तर टिंटेडच निवडावं. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतात, आणि तो उजेड अडवायला टिंटेड सनस्क्रीनमधलं आयर्न ऑक्साइड उपयोगी पडतं. शिवाय रंग जुळला, तर रोजच्या फाउंडेशनची गरजच उरत नाही. अनेकींचा मेकअप इथे, सनस्क्रीन आणि कन्सीलरवर, खुशाल संपू शकतो.

शेड निवडताना

विक्रेता हाताच्या मागच्या बाजूवर शेड लावून दाखवतो. ती खूण पुसून टाका. हाताचा आणि चेहऱ्याचा रंग सहसा एक नसतो. तीन जवळच्या शेडच्या बोटभर लांब रेघा जबड्याच्या कडेपासून मानेवर उतरतील अशा ओढा आणि दुकानाबाहेर, उघड्या उजेडात, छोट्या आरशात बघा. दुकानातले पिवळे किंवा निळसर पांढरे दिवे रंग बदलतात. जी रेघ शोधावी लागते ती तुमची शेड.

लगेच पैसे देऊ नका, दहा-पंधरा मिनिटं फिरून या. द्रावक उडून गेल्यावर आणि चेहऱ्यावरचं तेल मिसळल्यावर बरीच फाउंडेशनं गडद किंवा नारिंगी होतात. तेलकट त्वचेवर हे जास्त होतं. वाळल्यावर जी जुळते तीच घ्या.

मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या यावरून रंगछटा ठरवायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते, पण सावळ्या त्वचेवर ती फारशी चालत नाही. त्यापेक्षा बिघाडावरून उलटं ओळखा. फाउंडेशन लावल्यावर चेहरा गुलाबी किंवा राखाडी दिसत असेल, तर जास्त पिवळट किंवा किंचित हिरवट झाकेची शेड हवी. चेहरा हळद लावल्यासारखा दिसत असेल, तर पिवळेपणा कमी हवा.

आपल्याकडच्या बऱ्याच चेहऱ्यांवर कपाळ, कानशिलं आणि ओठांभोवतीची जागा गडद आणि गाल उजळ असतात. गालाच्या मधोमध जुळवलेली शेड कपाळावर पांढरी पडते. जबडा आणि मान यांच्याशी जुळणारी घ्या. आणि ‘एक शेड उजळ घ्या, छान दिसेल’ हा सल्ला कुणाचाही ऐकू नका. चेहरा उजळतो तो फक्त मान आणि हात झाकलेले असतील तर, आणि ते कधीच झाकलेले नसतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात रंगात फरक पडत असेल, तर दोन लागोपाठच्या शेड ठेवून मिसळणं स्वस्त पडतं.

आणखी एक गोष्ट या संदर्भात सांगायलाच हवी. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘गोरं करणारी’ क्रीम बेस म्हणून लावण्याची सवय घातक आहे. अशा अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. चेहरा आधी उजळतो, मग लाल होतो, पातळ पडतो, पुरळ येतं आणि क्रीम बंद केली की सगळं वाढतं. अशी क्रीम चालू असेल, तर मेकअपच्या आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

फाउंडेशन सगळीकडे नको

रोजच्या मेकअपमध्ये सर्वांत मोठा फरक पडतो तो जागा निवडण्याने. रंग असमान दिसतो तो प्रामुख्याने चार ठिकाणी: नाकाच्या कडा, ओठांभोवती आणि हनुवटी, भुवयांच्या मधली जागा, डोळ्यांखाली. बाकीचा चेहरा मोकळा ठेवला, तर तो त्वचेसारखाच दिसतो आणि घाम आला तरी ओघळ दिसत नाहीत.

अर्धा पंप फाउंडेशन, साधारण वाटाण्याएवढं, हाताच्या मागच्या बाजूवर घ्या. स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि टॉवेलमध्ये धरून अगदी कोरडा वाटेपर्यंत पिळा. पाणी राहिलं तर फाउंडेशन फाटतं, आणि स्पंज कोरडाच वापरला तर तो अर्धं फाउंडेशन पिऊन टाकतो. नाकापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला दाबत जा. जबड्यापर्यंत पोचेस्तोवर स्पंजवर जवळजवळ काही उरता कामा नये. त्यामुळे कडेला रेघ पडत नाही. एवढ्यात झाकलं गेलं नाही, तर दुसरा थर सगळीकडे न देता त्या डागावर कन्सीलर लावा.

डोळ्यांखालच्या काळेपणाला सरळ फिका कन्सीलर लावला, की निळसर तपकिरी रंगावर फिका रंग बसून राखाडी डाग तयार होतो. म्हणून आधी करेक्टर: गव्हाळ त्वचेला पीच, सावळ्याला नारिंगी. नारिंगी रंग निळेपणा मारतो. दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या दाण्याएवढा पुरतो आणि तो फक्त काळ्या भागावर, पातळ. वर त्वचेच्याच रंगाचा कन्सीलर, दोन ठिपके: एक नाकाजवळच्या कोपऱ्यात, एक बाहेरच्या कोपऱ्याखाली. अर्धा मिनिट थांबून अनामिकेने थापटा. या बोटाचा जोर आपोआप कमी पडतो. पापण्यांच्या अगदी खाली कन्सीलर नेऊ नका, तिथली त्वचा सतत मुडपते आणि रेघा तिथेच भरतात. करेक्टर नसला की नारिंगी-लाल लिपस्टिक वापरायची युक्ती एखाद्या दिवशी चालते, पण लिपस्टिक तेलकट असल्यामुळे रेघांत लवकर जमते आणि तिचा सुगंध डोळ्यांना झोंबू शकतो. रोज नको.

डोळ्यांखाली खड्डा असेल, तर तिथे दिसतो तो रंग नसून सावली असते. कितीही कन्सीलर लावला तरी ती जात नाही, उलट थर उठून दिसतो. तपासायला हनुवटी वर करून खिडकीकडे तोंड करा. काळेपणा एकदम कमी झाला तर ती सावली आहे, आणि कन्सीलर निम्मा करा.

मुरमाच्या डागावर कन्सीलर टोकदार ब्रशने फक्त डागावर ठेवा, मिनिटभर वाळू द्या आणि मग केवळ कडा थापटा. मधोमध बोट फिरवलं की तो निघून येतो.

आता पावडर. आधी वर बघा, डोळ्यांखाली जमलेल्या रेघा बोटाने सपाट करा आणि त्याच क्षणी चिमूटभर लूज पावडर स्पंजच्या टोकाने दाबा. मग नाक, नाकाच्या कडा, कपाळाचा मध्य, हनुवटी. गालांना सहसा लागत नाही, विदर्भाच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. पावडर किंचित पिवळट असावी. अगदी पांढरी पावडर गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर उठून दिसते आणि मोबाइलच्या फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरे चंद्र उमटतात. अंगाला लावायची टाल्कम पावडर चेहऱ्यावर वापरायची जुनी सवय याच कारणासाठी सोडावी: ती पांढरी, जाड आणि सुगंधी असते, आणि घामाचा ओघळ गेला की तिच्यात वाट पडलेली दिसते.

काजळ पसरतं का?

सगळ्यांत जास्त तक्रार काजळाचीच, म्हणून जरा सविस्तर. खालच्या पापणीची आतली कड सतत ओली असते, तिथे मेणाचं काजळ धरत नाही. अंगाच्या उष्णतेने ते मऊ होतं, पापणी मिटली की खाली उतरतं आणि डोळ्यांखाली क्रीम किंवा सनस्क्रीनचं तेल असेल, तर त्यात विरघळून पसरतं. म्हणजे काजळ ‘स्मज-प्रूफ’ असूनही पसरतं ते खालच्या तेलामुळे. उपाय त्या क्रमानेच करायचे.

१. डोळ्यांखालचा भाग आधी पूर्ण झालेला असावा: कन्सीलर बसलेला, पावडर दाबलेली. काजळ त्यानंतर.

२. कोरड्या कॉटन बडने पापणीची कड आणि पापण्यांच्या केसांची मुळं हलकेच टिपा. बड आत, बुबुळाकडे न्यायचा नाही.

३. पेन्सिल मऊ असेल तर छिलण्याआधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, टोक मोडत नाही. पहिला लेप टिश्यूवर पुसून घ्या.

४. दमट दिवसांत आतली कड सोडून द्या. रेघ खालच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी, बाहेरून, आणि तीही फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात काढा. वरच्या पापणीला खाली बघत केसांच्या मुळांमध्ये ठिपके भरा. डोळा भरलेला दिसतो आणि पसरायला जागा उरत नाही.

५. वॉटरप्रूफ जेल पेन्सिल बसायला अर्धा मिनिट लागतं. तेवढा वेळ वर बघा, डोळे घट्ट मिटू नका.

६. त्या रेघेवर छोट्या ब्रशने गडद तपकिरी किंवा काळी आयशॅडो दाबा. सर्वांत जास्त फरक याच पायरीने पडतो, आणि हीच सर्रास गाळली जाते.

आतल्या कडेत काजळ हवंच असेल, तर एकच पातळ फेरा द्या आणि दुपारी पुसून पुन्हा लावायची तयारी ठेवा. काळी वर्तुळं गडद असतील, तर खाली काळ्याऐवजी तपकिरी काजळ लावून बघा. काळा रंग खालच्या काळेपणाला जोडून घेतो आणि चेहरा थकलेला दिसतो. मस्काराही खालच्या पापण्यांना रोज नको, तो हमखास खाली उमटतो.

सुरमा वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: पारंपरिक सुरम्यात गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड असू शकतं. शिसं शरीरात साठतं. लहान मुलांना आणि गर्भारपणात ते विशेष अपायकारक असतं. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळही शेवटी काजळीच असते, बाळाच्या डोळ्यांत ते घालू नये.

कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर लेन्स आधी, मेकअप नंतर. रात्री लेन्स आधी काढा आणि मग मेकअप. पावसाळ्यात डोळ्यांची साथ असते. डोळे आले तर त्या काळात वापरलेलं काजळ आणि मस्कारा फेकून द्या, आणि काजळ बहिणीलाही वापरायला देऊ नका. मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांनी बदलावा, वाळला नसला तरी.

भुवया

इथे फार वेळ घालवू नका. केस काळे असले तरी पेन्सिल गडद तपकिरी घ्या, गडद काळी रेघ चिकटवल्यासारखी दिसते. आधी स्पूलीने, म्हणजे भुवयांच्या छोट्या गोल ब्रशने, केस वर विंचरा, मग जिथे विरळ आहे तिथेच केसासारख्या बारीक रेघा काढा आणि पुन्हा विंचरा. नाकाजवळची सुरुवात सगळ्यांत फिकी हवी. भुवई कुठे संपावी हे बघायला पेन्सिल नाकपुडीच्या कडेपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून तिरकी धरा. थ्रेडिंग केल्या दिवशी त्या लालसर जागेवर काही तास मेकअप लावू नका, आग होते आणि पुळ्या येतात.

गाल आणि ओठ, एकाच लिपस्टिकने

फिका बेबी पिंक ब्लश सावळ्या त्वचेवर खडूसारखा दिसतो. विटकरी, गडद गुलाबी, कोरल, जांभूळ हे रंग वेष्टनात भडक वाटतात आणि गालावर नैसर्गिक दिसतात. लिपस्टिक हाताच्या मागे घासा, बोटाने उचला, नाकापासून दोन बोटं अंतर सोडून गालाच्या हाडावर थापटा आणि वर कानाकडे न्या. नाकपुडीच्या पातळीखाली उतरू नका, चेहरा ओघळलेला दिसतो. क्रम मात्र पाळा: क्रीमचा रंग पावडरीच्या आधी. पावडरीवर क्रीम लावलं की चट्टे पडतात. गालावर मुरमं असतील, तर लिपस्टिक गालावर नको, पावडर ब्लश वापरा.

ओठांना मेकअपच्या सुरुवातीलाच बाम लावून ठेवा आणि लिपस्टिकच्या आधी तो टिश्यूने पूर्ण पुसा. बाम तसाच राहिला तर लिपस्टिक घसरते, बाम लावलाच नाही तर मॅट लिपस्टिक भेगांत भरते. ओठांच्या कडा काळपट असतील, तर ‘न्यूड’ म्हणून विकले जाणारे फिके बेज रंग ओठ मेल्यासारखे दाखवतात. ओठांच्या नैसर्गिक रंगापेक्षा अर्धी-एक छटा गडद घ्या: तपकिरी गुलाबी, मव्ह, टेराकोटा, वीट. त्याच रंगाच्या लायनरने सगळे ओठ भरून वर लिपस्टिक लावली, तर काळी कड आणि मधला भाग एकसारखे दिसतात.

टिकण्यासाठी पातळ थर लावा, टिश्यू ओठांत दाबा, पुन्हा पातळ थर लावा. दाताला रंग लागू नये म्हणून स्वच्छ बोट ओठांत धरून बाहेर ओढा, आतला जादा रंग बोटावर येतो. मॅट लिक्विड लिपस्टिक चहाला दाद देत नाही, पण तेलाने हमखास सुटते. वडापाव किंवा तेलकट भाजी खाल्ल्यावर मधला भाग गेलेला आणि कड राहिलेली दिसते. त्यावर नवा थर देऊ नका, भेगाळतो. कड पुसून घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. ज्यांना डब्यानंतर एवढा वेळ नसतो त्यांना साधी क्रीम लिपस्टिक बरी, कारण ती आरशाशिवायही लावता येते.

टिकली आणि कुंकू

टिकली फाउंडेशनवर चिकटत नाही, कारण तिचा गोंद त्वचेऐवजी तेल आणि पावडर धरतो. मेकअप झाल्यावर टिकलीच्या आकाराएवढी जागा कॉटन बडने पुसून कोरडी करा, टिकली ठेवा आणि दहा सेकंद दाबून धरा. सनस्क्रीन खाली राहिलं असेल तर टिकली दुपारपर्यंत भुवयांकडे सरकलेली सापडते.

टिकलीखाली खाज, पुरळ किंवा पांढरट डाग दिसला तर त्या दिवसापासून चिकट टिकली बंद. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असतं, त्याने त्वचेतला रंग जाऊन कायमचा पांढरा डाग राहू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि दरम्यान वॉटरप्रूफ लायनरने टिकली काढा. ज्यांना त्रास नाही त्यांनीही रात्री टिकली काढावी, गोंद थोड्या खोबरेल तेलाने पुसावा आणि जागा अधूनमधून किंचित बदलावी. तीच टिकली आरशावर चिकटवून आठवडाभर वापरणं घाणीलाही आमंत्रण आणि ती पडतेही लवकर.

कोरडं कुंकू लावायचं असेल तर आपल्याकडची मेणाची जुनी पद्धत आजही उत्तम. प्रायमर म्हणून जे विकलं जातं त्याचंच काम मेण करतं. कुंकवापेक्षा जरा लहान मेणाचा ठिपका लावा, वर कुंकू दाबा, नाकावर पडलेलं मऊ ब्रशने झटका. बोटाने पुसलं तर फाउंडेशनवर लाल फराटा उमटतो. बाजारातल्या अनेक कुंकवांत कृत्रिम रंग असतात, म्हणून नवीन कुंकू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. फाउंडेशन आणि क्रीमलाही हीच चाचणी लागू.

स्कार्फ, हेल्मेट, लोकल

पुण्यात दुचाकीवर स्कार्फ बांधून जाणाऱ्यांचा निम्मा मेकअप स्कार्फवरच उतरतो. उपाय म्हणजे काम दोन ठिकाणी वाटणं. घरी सनस्क्रीन, डोळ्यांखालचा कन्सीलर-पावडर, काजळ आणि भुवया. पोचल्यावर डागांवरचा कन्सीलर, गाल, ओठ, टिकली. घरूनच सगळं करून निघायचं असेल तर पावडर दाबल्यावर पाच मिनिटं थांबा, स्कार्फ सुती आणि धुतलेला घ्या आणि उतरताना तो ओढून न काढता गाठ सोडून चेहऱ्यापासून लांब उचला. कालच्या घामाचा स्कार्फ हनुवटीवरच्या पुळ्यांचं साधं कारण असू शकतं. हेल्मेटची कपाळपट्टीही तशीच पुसत जा.

लोकलच्या गर्दीतून उतरल्यावर पहिली ऊर्मी कॉम्पॅक्ट, म्हणजे दाबलेल्या पावडरीची डबी, काढण्याची असते. घामावर पावडर दाबली की तिचा लगदा होतो आणि तो नाकाच्या कडांना साठतो. आधी घाम वाळू द्या किंवा टिश्यू चेहऱ्यावर पसरून फक्त दाबा, पुसू नका. मग ब्लॉटिंग पेपरने नाक आणि कपाळावरचं तेल टिपा. त्यानंतरही चमक राहिली तरच पावडर. पर्समध्ये एवढंच पुरे: टिश्यू, ब्लॉटिंग पेपर, तीन-चार कॉटन बड, लिपस्टिक, टिकल्यांचं पाकीट. काजळ खाली उतरलं असेल तर कॉटन बडला किंचित मॉइश्चरायझर लावून पुसा, मग कोरड्या बडने टिपा. थुंकी लावून पुसणं डोळ्यांजवळ तरी नको.

उन्हात काम असेल तर सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा हवं. मेकअपवर लावायचं तर आधी तेल टिपा, सनस्क्रीन स्वच्छ स्पंजवर घ्या आणि दाबत जा. मेकअप थोडा हलतो, ते चालवून घ्यावं. लिपस्टिक आणि क्रीम दुचाकीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात ती वितळतात आणि नंतर घट्ट झाली तरी त्यांचा पोत बिघडलेला राहतो.

रात्री काढताना, आणि ब्रश धुताना

नुसत्या फेसवॉशने वॉटरप्रूफ काजळ आणि सनस्क्रीन निघत नाही, तेलाला तेलच सोडवतं. कापसावर मायसेलर वॉटर किंवा क्लिन्झिंग ऑइल घ्या, मिटलेल्या डोळ्यावर १५ सेकंद नुसतं धरा आणि मग खाली ओढा. घासलं तर पापण्यांचे केस तुटतात. खोबरेल तेल काजळ छान काढतं, पण ज्यांना मुरमं येतात त्यांनी ते सगळ्या चेहऱ्यावर चोळू नये, रोमछिद्रं बुजू शकतात. काहीही वापरलं तरी नंतर साध्या फेसवॉशने चेहरा धुवायचाच, मायसेलर वॉटरनंतरसुद्धा.

स्पंज दर वापरानंतर साबणाने धुवा आणि हवेशीर जागी वाळवा. ओला स्पंज डबीत बंद केला तर पावसाळ्यात दोन दिवसांत आतून काळे बुरशीचे ठिपके येतात. तसे दिसले की धुण्याच्या फंदात न पडता फेकून द्या. एरवीही तीन महिन्यांनी नवा घ्या. ब्रश आठवड्यातून एकदा बेबी शाम्पूने, केस खाली करून धुवा. पाणी दांड्याच्या जोडात गेलं की गोंद सुटतो आणि केस गळतात. ओला ब्रश पेल्यात उभा ठेवू नका, टेबलाच्या कडेला आडवा ठेवा, केस कडेबाहेर राहू द्या.

शेवटी डब्यांच्या मागची बाजू बघा. उघड्या डबीचं चित्र आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा असतो, तो उघडल्यानंतर किती महिने वापरायचं ते सांगतो. उघडल्याची तारीख पेनाने तळाशी लिहून ठेवा. बॅच नंबर, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेलं काजळ-लिपस्टिक जत्रेत कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. भारतात सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे पारा आणि शिसं यांवर मर्यादा आहेत, पण ज्या वस्तूवर बनवणाऱ्याचं नावच नाही तिच्यात काय आहे हे तपासणार कोण? आणि वास बदललेली लिपस्टिक, थर सुटलेलं फाउंडेशन, आंबूस वासाची क्रीम या वस्तू तारीख उरलेली असली तरी कचऱ्यातच जायला हव्यात.